कात्रीची धार आणि टाक्याची सुई

(नाशिक जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहातील परिचारिकेने जोडप्यांच्या सभेत केलेले भाषण)



पाळणा लांबवणे आणि पाळणा थांबवणे याविषयी तुम्ही आरोग्यसेविकेकडून, आशाताईंकडून पुष्कळ वेळा ऐकलेले आहे. ते मी पुन्हा सांगत बसणार नाही. मुलं किती हवीत आणि केव्हा हवीत हे नवरा-बायकोनं बसून ठरवायचं. मला बोलायचं आहे ते त्याच्या पुढचं. निर्णय झालेला असतो, तारीख ठरलेली असते, आणि आदल्या रात्री झोप लागत नाही. मनात येतं, उद्या माझ्या अंगाला जी हत्यारं लागणार ती कशी असतील? कुणावर आधी वापरली असतील? गंजलेली तर नसतील? पोटात एखादा चिमटा राहून गेला तर?

हे प्रश्न बायका मला दवाखान्याच्या ओट्यावर बसून हळूच विचारतात. पुरुष विचारतच नाहीत, पण भीती त्यांनाही असते. किंबहुना जास्तच असते. म्हणून आज ही हत्यारं कशी तपासतात, कशी राखतात, तेच सांगते. शस्त्रक्रियेच्या खोलीत तुम्हाला नेतात तेव्हा ती हिरव्या कापडाखाली झाकलेली असतात. तुमच्या वाट्याला फक्त त्यांचा खणखणाट येतो.

आधी धारेचं सांगते. इथे निफाडकडची, दिंडोरीकडची मंडळी बसली आहेत. तुम्ही द्राक्षबागेची एप्रिलात खरड छाटणी करता आणि ऑक्टोबरात फळछाटणी. छाटणाऱ्या मजुराला बोथट कात्री दिली तर काय होतं? काडी कापली जात नाही, चेंगरते. साल सोलून निघते, काप खरबरीत होतो, आणि त्या जागेतून रोग आत शिरतो. धारेच्या कात्रीचा काप गुळगुळीत असतो, लवकर भरून येतो. माणसाच्या कातडीचंही असंच आहे. बाईच्या मिनीलॅप शस्त्रक्रियेत पोटावर जेमतेम बोटाच्या एका पेराएवढा छेद घेतात. तो धारेनं घेतला तर पुढे रेघ उरते. बोथट पात्यानं घेतला तर कडा चेंगरतात, आणि चेंगरलेलं मांस म्हणजे जंतूंना आयतं जेवण.

आपल्या देशात हा विचार नवा नाही. सुश्रुताच्या ग्रंथात एकशे एक यंत्रं आणि वीस शस्त्रं सांगितली आहेत. शस्त्राची धार कशी हवी, तर केस कापला जाईल अशी. आणि शस्त्राचे आठ दोषही मोजले आहेत: वाकडं असणं, बोथट असणं, तुटलेलं असणं, धार खरबरीत असणं, फार जाड, फार बारीक, फार लांब, फार आखूड. खरबरीत धार चालेल ती एकट्या करवतीला, कारण तिनं हाड कापायचं असतं. मी रोज खिडकीपाशी बसून जे बघते, त्यातलं अर्धंअधिक या यादीत आहे.

कातडीला छेद घ्यायचं पातं मात्र आता धार लावून वापरत नाहीत. ते बंद पाकिटात निर्जंतुक होऊन येतं, मुठीवर बसवतात, एका माणसासाठी वापरतात आणि फेकतात. इंजेक्शनच्या सुईचंही तसंच. पूर्वी सुया आणि पाती उकळून पुन्हा वापरत, दगडावर धारही लावत. घरातल्या जुन्या माणसांना ते आठवत असेल. आता नाही. टाक्याची सुई बहुतेक वेळा धागा जोडूनच पाकिटात येते. तेव्हा ‘आधीच्या बाईचं पातं मला लावलं’ असं कुणी म्हणालं, तर त्या माणसाला माझ्याकडे पाठवा. वापरलेली पाती आणि सुया ज्या जाड, भोकं न पडणाऱ्या डब्यात आम्ही टाकतो, तो डबा त्याला दाखवीन.

पुन्हा वापरात येतात त्या कात्र्या, चिमटे आणि सुई धरायचा चिमटा, ज्याला आम्ही नीडल होल्डर म्हणतो. राखायचं आणि तपासायचं काम असतं ते यांचं.

शस्त्रक्रिया संपली की पहिली दहा मिनिटं महत्त्वाची. रक्त वाळू द्यायचं नाही. घरी दुधाचं पातेलं वाळलं तर घासायला किती जीव जातो, तसंच. हत्यारं लगेच प्लास्टिकच्या बादलीत, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवतात. प्रमाण ठरलेलं आहे: एक लिटर पाण्याला १५ ग्रॅम पावडर. बुडवायची दहा मिनिटं. कमी ठेवली तर जंतूंचा जोर मोडत नाही, आणि जास्त ठेवली तर पोलाद खाल्लं जातं. ‘अर्धा तास ठेवलं तर अजून चांगलं’ असं नव्या मुलींना वाटतं. ते खोटं आहे. मिठाच्या पाण्यातही, म्हणजे सलाइनमध्ये, हत्यार पडून राहू द्यायचं नाही. न गंजणारं पोलाद म्हणतात खरं, पण मीठ आणि क्लोरीन यांच्यापुढे तेही हात टेकतं.

मग धुणं. हातात जाड मोजे, मऊ ब्रश, साबणाचं पाणी. प्रत्येक कात्री आणि प्रत्येक चिमटा उघडून धुवायचा, आणि पाण्याखाली धरून घासायचा म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. घाण बसते ती बिजागरीत आणि चिमट्याच्या दातांत. हे काम आधी का? तर वाळलेल्या रक्ताच्या पापुद्र्याखाली वाफ पोचत नाही. वरून कितीही उकळा, शिजवा, पापुद्र्याखालचा जंतू जिवंतच. न धुतलेलं हत्यार निर्जंतुक होऊच शकत नाही.

धुऊन, पुसून कोरडं केलं की ते माझ्यापुढे येतं. एकेक हातात घेऊन बघायचं. कात्री घेतली, की गॉजच्या तुकड्यावर किंवा जुन्या रबरी हातमोज्याच्या पातळ बोटावर चालवून बघते. पात्याच्या मुळापासून टोकापर्यंत काप सलग पडला पाहिजे. टोकाशी कापड चावलं, ओढलं गेलं, तर ती कात्री बाजूला. टोकच जास्त कामाचं असतं, आणि नेमकं तेच आधी झिजतं. कात्रीच्या मधला स्क्रू ढिला झाला तरी असंच होतं. दोष पात्यात नसून स्क्रूत असतो. ज्या कात्रीनं धागा कापायचा तिनं मांस कापायचं नाही, आणि मांसाच्या कात्रीनं गॉज, चिकटपट्टी तर मुळीच नाही. तुमच्या घरी शिवणाची कात्री मुलानं पुठ्ठ्यावर चालवली तर घरधनीण काय म्हणते, ते आठवा.

चिमट्याचं वेगळं. रक्तवाहिनी दाबून धरायचा जो चिमटा असतो त्याला मुठीपाशी दाते असतात, ते एकात एक अडकतात. पहिल्या दात्यावर लावायचा आणि टेबलावर मूठ हलकेच आपटायची. आपोआप सुटला तर तो निकामी. कारण आत पोटात सुटला तर रक्त सुरू होईल. मग तोंड मिटून उजेडाकडे धरायचं. दोन्ही ओठ नीट जुळलेले हवेत. मधून उजेडाची फट दिसली, टोकं एकमेकांवर चढली, तर पकड नाही. बिजागरीला भिंग लावून बारीक तडा गेला आहे का ते बघायचं. तडा गेलेला चिमटा वाफेत तापतो, थंड होतो, पुन्हा तापतो, आणि एक दिवस डॉक्टरांच्या हातात तुटतो. तो दिवस येण्याआधी तो भंगारात गेला पाहिजे.

गर्भनलिका उचलायला जो चिमटा वापरतात, त्याला आम्ही बॅबकॉक म्हणतो, त्याची तोंडं गुळगुळीत लागतात, कारण नळी नाजूक असते. त्याच्या कडेवर बोट फिरवून बघायचं. नखाला खाच लागली तर तो नळीलाही ओरबाडणार.

नीडल होल्डरची परीक्षा सोपी आहे. तोंडात टाक्याची सुई धरायची, दुसऱ्या दात्यावर कुलूप लावायचं, आणि बोटानं सुई फिरवून बघायची. हलली नाही तर ठीक. सहज फिरली तर ओठ झिजले आहेत. टाका घालताना सुई फिरली की डॉक्टरांना पुन्हा पुन्हा टोचावं लागतं, टाका वाकडा बसतो. रुग्णाला फक्त एवढंच कळतं की आपली जखम शेजारणीच्या जखमेपेक्षा जास्त दुखते. कारण बिचारीला कुठून कळणार!

गंजाबद्दल फार गैरसमज आहे. चिमट्यावर तपकिरी डाग दिसला की लोक घाबरतात. प्रत्येक डाग गंज नसतो. पाण्यातल्या क्षारांचे, औषधांचेही डाग पडतात. मी शाळेतल्या मुलांचं खोडरबर जवळ ठेवते. घासून डाग गेला आणि खालचा पत्रा गुळगुळीत निघाला, तर तो नुसता डाग. घासल्यावर खाली बारीक खड्डे दिसले तर तो गंज, आणि असं हत्यार ठेवायचं नाही, कारण एकाचा गंज दुसऱ्याला लागतो आणि त्या खड्ड्यांत जंतू लपतात. बिजागरीला तेल देतात तेही ठरावीक, पाण्यात मिसळणारं. शिवणयंत्राचं तेल दिलं तर त्याचा थर बसतो आणि वाफ आत जात नाही.

नाकारलेलं हत्यार ‘असू द्या, अडीअडचणीला होईल’ म्हणून त्याच कपाटात ठेवायचं नाही. त्याला चिठ्ठी बांधून वेगळं काढायचं, धारवाल्याकडे किंवा भांडारात परत पाठवायचं. धारवाला म्हणजे रस्त्यावर चाक फिरवणारा नव्हे, हं. त्याच्या चाकानं पात्याचा कोनच बदलतो. विळीला चालेल, इथे चालणार नाही.

आता वाफेकडे येऊ. नुसतं उकळून का भागत नाही, असं एका दादांनी मघाशी विचारलं. उकळण्यानं पुष्कळ जंतू मरतात, पण धनुर्वाताचा जंतू बीजरूपात राहतो आणि ते बीज उकळत्या पाण्याला दाद देत नाही. त्याला दाबाखालची वाफ लागते. आमचा ऑटोक्लेव्ह म्हणजे तुमच्या कुकरचा थोरला भाऊ समजा. १२१ अंश सेल्सिअस उष्णता, पंधरा पौंड दाब. हत्यारं उघडी असतील तर २० मिनिटं, कापडात बांधलेली असतील तर ३०. ही मिनिटं मोजायची ती दाब आणि उष्णता पुरी झाल्यावर, बटण दाबल्यापासून नाही. वहिनींना ठाऊक आहे, कुकरमधून आधी वाफेचा फवारा येऊ द्यायचा आणि मग शिट्टी बसवायची. आत हवा कोंडली तर काटा दाब दाखवतो, पण उष्णता पुरेशी होत नाही. ऑटोक्लेव्हचंही तेच. आणि डाळ-तांदूळ ठासून भरले तर मधला भात कच्चा राहतो, म्हणून ड्रमही ठासून भरायचा नाही.

बाहेर काढलेलं गाठोडं ओलं असेल तर ते निर्जंतुक धरायचं नाही, कारण ओल्या कापडातून बाहेरचे जंतू आत झिरपतात. गाठोड्यावर एक पट्टी चिकटवलेली असते. वाफ लागली की तिच्यावर काळ्या रेघा उमटतात. गाठोड्यावर तारीख लिहितात. कोरडं आणि न उघडलेलं असेल तर सात दिवस चालतं. ड्रम एकदा उघडला की चोवीस तासच. त्यानंतर पुन्हा वाफ.

पोटात काही राहून जाईल या भीतीचं उत्तर मोजण्यात आहे. छेद घेण्याआधी हत्यारं, गॉजचे तुकडे, सुया मोजून लिहितात. टाका घालण्याआधी पुन्हा मोजतात. दोन्ही आकडे जुळल्याशिवाय पोट बंद करायचं नाही. नाशिकरोडच्या छापखान्यात नोटा मोजतात तितक्याच काटेकोरपणे, असं मी नव्या परिचारिकांना सांगते.

आता एक कडू गोष्ट, जी सांगितल्याशिवाय हे भाषण खरं होणार नाही. ८ नोव्हेंबर २०१४ रोजी छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ एका शिबिरात एकाच डॉक्टरनं काही तासांत ८३ बायकांच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया केल्या. पुढच्या दिवसांत त्यांतल्या तेरा जणी दगावल्या. दोष औषधाचा की जंतूंचा यावर पुढे वाद झाला. पण हिशेब तुम्हीच करा. दुर्बिणीला ऑटोक्लेव्हची वाफ बहुधा सोसत नाही, म्हणून तिला दर शस्त्रक्रियेनंतर धुऊन २ टक्के ग्लुटारल्डिहाइडच्या द्रावणात २० मिनिटं बुडवतात आणि मग निर्जंतुक पाण्यानं विसळतात, नाहीतर ते औषधच आतलं मांस भाजतं. एक दुर्बीण धरली तर ८३ वेळा वीस मिनिटं म्हणजे सत्तावीस तासांहून जास्त. हे काही तासांत कसं बसणार? म्हणून शासनाचा नियम आहे की एका पथकानं दिवसाला ३० पेक्षा जास्त शस्त्रक्रिया करायच्या नाहीत, आणि एका दुर्बिणीनं दहापेक्षा जास्त नाहीत. तुमच्या आधी आठ जणी झाल्या आणि डॉक्टर थांबले, तर कंटाळू नका. दुर्बीण आंघोळीला गेली आहे असं समजा.

त्याआधी जानेवारी २०१२ मध्ये बिहारच्या अररिया जिल्ह्यात एका शाळेत ५३ बायकांच्या शस्त्रक्रिया उरकल्या होत्या. त्यावरून देविका बिस्वास यांनी अर्ज केला, आणि १४ सप्टेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा आणि आरोग्य केंद्रं भक्कम करा. मला हा निकाल पटतो. शाळेच्या बाकावर कात्री तपासता येत नाही. आणीबाणीत, १९७६-७७ साली, देशात ब्याऐंशी लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्या वेळच्या सक्तीची आठवण काही घरांत अजून आहे. आज संमतीपत्र तुमच्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय आणि तुमची सही किंवा अंगठा घेतल्याशिवाय शस्त्रक्रिया होत नाही, आणि टेबलावर चढल्यावरही ‘नको’ म्हणता येतं.

पुरुषमंडळींनो, आता तुमच्याकडे वळते. हत्यारांच्या भीतीनं तुम्ही मागे सरता आणि बायकोला पुढे करता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींची शस्त्रक्रिया झालेली होती, आणि नवऱ्याची झालेली होती ०.३ टक्के जणींच्या घरी. खरं तर कमी हत्यारं लागतात ती तुम्हालाच. बिनटाक्याची नसबंदी चीनमधल्या सिचुआन प्रांतातले डॉ. ली शुनच्यांग यांनी १९७४ साली काढली. त्यात मुख्य हत्यारं दोनच. एक कडीच्या तोंडाचा चिमटा, जो कातडीवरून शुक्रवाहिनी पकडतो, आणि दुसरा बारीक, वाकडा, टोकदार चिमटा, जो एक लहानसं भोक करून ते रुंदावतो. पातं नाही, टाका नाही. हे दोन चिमटे तपासायलाही नजर लागते: कडी पूर्ण मिटली पाहिजे, आणि टोकदार चिमट्याची दोन्ही टोकं सुईसारखी एका बिंदूवर भेटली पाहिजेत. टोक बोथट झालं तर जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की सूज येते. म्हणून आम्ही त्या टोकांवर रबरी टोपण घालून ठेवतो. शस्त्रक्रियेनंतर तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचं. ‘झालं ना एकदाचं’ म्हणून हे टाळतात आणि मग दिवस राहिले की घरात नको ते संशय सुरू होतात. वहिनी बिचारी उगाच बोलणी खाते.

शंभर टक्के खात्री मात्र कुठल्याच शस्त्रक्रियेची नाही, हेही ऐकून ठेवा. बाईच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या वर्षात हजारात पाच जणींना दिवस राहू शकतात. पुरुषाच्या बाबतीत त्याहून कमी. पाळी चुकली तर लाजू नका, लगेच या.

तर मग शस्त्रक्रियेच्या दिवशी काय विचारायचं? जे सोबत येतील, सासूबाई असोत की नवरा, त्यांनी विचारावं: गाठोड्यावरची पट्टी काळी झाली आहे का? तारीख कोणती? आज कितवा नंबर? पाकिटातलं पातं आमच्यासमोर फोडाल का? चांगली परिचारिका रागावणार नाही. रागावली तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा, तो तुमचा हक्क आहे. घरी गायीला इंजेक्शन देताना तुम्ही डॉक्टरला सुई बदलायला लावता. मग घरच्या लक्ष्मीसाठी का नाही?

घरी गेल्यावर जखम कोरडी ठेवा. वर हळद, राख, शेण, तंबाखू काही लावू नका. आम्ही तीस मिनिटं वाफ दिली ती अशानं वाया जाते. दोन दिवसांच्या आत आरोग्यसेविका भेटायला येईल. ताप आला, जखमेतून पू किंवा रक्त आलं, पोट फुगलं, चक्कर आली, पोटात सहन होत नाही असं दुखलं, तर रात्र असो की दिवस, १०८ ला फोन करून गाडी बोलवा. सुरगाण्याच्या, पेठच्या डोंगरातल्या मंडळींनी तर सकाळची वाट बघूच नये, कारण तिथून रस्ता लांबचा आहे.

आणि टाका घरी काढू नका. दाढीच्या ब्लेडनं किंवा नखं काढायच्या कात्रीनं टाका काढून आलेले लोक मी बघितले आहेत. जखम उघडून येतात. टाका काढायची आमची छोटी कात्री वेगळी असते, तिच्या एका पात्याला आकडा असतो, तो धाग्याखाली सरकतो आणि कातडीला न लागता धागा कापतो. तीही वाफेतून निघालेलीच असते. धागा विरघळणारा असेल तर काढावा लागत नाही, तसं आम्ही कार्डावर लिहून देतो. नाहीतर सातव्या दिवशी या. दोन मिनिटांचं काम आहे. येताना कार्ड आणा, आणि बाळ अंगावर पीत असेल तर त्यालाही सोबत आणा, बाहेर बसायला बाकडं आहे.